आतोबांचा वार

आमच्या आतोबांइतका मोठा ऐकणारा काशीत झाला नाही, आणि काशीत झाला नाही म्हणजे कुठंच झाला नाही, असं खुद्द आतोबांचं मत होतं. त्यांनी आयुष्यात कधी सूर लावला नाही, तबल्यावर बोट ठेवलं नाही, पेटीचं झाकण उघडलं नाही. एकदा आत्यानं सहज म्हटलं की इतकं ऐकता तर एखादं भजन तरी म्हणा, तेव्हा ते खरोखर दचकले. जेवायला बसलेल्याला कोणी स्वयंपाक कर म्हणतं का, असं त्यांनी तिलाच विचारलं. ऐकणं हे त्यांच्या लेखी पूर्ण वेळाचं काम होतं आणि त्यात हयगय केलेली त्यांना खपत नसे. गाण्याला जायचं असलं की त्या दिवशी ते सकाळपासून भाजीवाल्याशी घासाघीस करत नसत, कान दमतात म्हणून.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी नागपूरकडून काशीला आलं आणि तिथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि उंबऱ्यावर उभं राहून बोलायचं असेल तर दोन्ही, असा त्यांचा शिरस्ता होता. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्त होताना तिथली एकच वस्तू बरोबर आणली, ती म्हणजे 'नाजुक माल' असं छापलेल्या, बाद झालेल्या लाल चिठ्ठ्यांचे गठ्ठे. त्या ते जिथं मन होईल तिथं चिकटवत. लोणच्याच्या बरणीवर एक होती, रेडिओवर एक होती, आत्याच्या शेकायच्या पिशवीवरही एक होती. नव्वद सालानंतर केव्हातरी मला बँकेत नोकरी लागली आणि अकोल्याची मी एकदम बनारसला जाऊन पडले. स्टेशनवर घ्यायला आलेल्या आतोबांनी आधी माझ्या ट्रंकेवर चिठ्ठी चिकटवली, मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "भाचीबाई, गाणं समजतं?" मी म्हटलं, नाही. "मग काही हर्ज नाही," ते म्हणाले. "निदान बिघडलेलं तरी नाही."

ऐकायला बसले की आतोबा पहिल्यांदा चष्मा काढून कोटाच्या खिशात ठेवत. डोळे मधे मधे बोलतात, असं त्यांचं म्हणणं होतं. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचे हातही धड दिसत नसत, त्यामुळे मैफल संपली की बाहेरच्या ढिगातून हाताला लागतील त्या चपला पायात अडकवून ते घरी येत. कधी नव्या कोऱ्या आणत, कधी दोन्ही डाव्या पायाच्या. आत्यानं शेवटी त्यांना ट्रकच्या टायरच्या चपला करून आणल्या. त्या दुसरा कोणी नेणार नाही आणि यांनाही पायात घालताच कळेल, हा तिचा हिशेब बरोबर निघाला. फक्त त्या चपलांचा आवाज असा होता की आतोबा गल्लीच्या तोंडाशी आले की आत्या चहाचं आधण ठेवायला उठायची.

पण त्यांची खरी ख्याती होती ती मैफलीतून उठून जाण्याबद्दल. आवडलं म्हणून 'वाह' म्हणणं, मान डोलावणं, मांडीवर थाप मारणं यातलं ते काही करत नसत. गाणं चालू असताना एखादी जागा त्यांच्या मनासारखी झाली की ते उठत, अंधारात चाचपडावं तसं भर उजेडात चाचपडत बाहेर येत आणि घरी जात. यापेक्षा चांगलं आता व्हायचं नाही, मग कशाला बसायचं, असा त्यांचा सरळ विचार. नवे कलावंत अपमान समजून बसत. जुन्यांना ठाऊक होतं. एक म्हातारे गवई म्हणे शिष्यांना सांगत की आज पार्सलबाबू अर्ध्यातून गेले, आता माझं काय व्हायचं ते होवो. माझ्या डोळ्यांदेखत आतोबा फार थोड्या वेळा उठले. बहुतेक वेळा ते शेवटपर्यंत बसत आणि घरी येऊन गप्प जेवत.

अशा या माणसाच्या आयुष्यात मिसिरजी आले ते मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर. मिसिरजी निवृत्त पोस्टमन होते, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दुपारी घाट रिकामा असताना ते खालच्या पायरीवर बसून पाण्याकडे तोंड करून बासरी वाजवत. कोणासाठी नाही, नुसतीच. आतोबा तिथं रोज जाऊन वरच्या पायरीवर बसू लागले. महिनाभर दोघांत एक शब्द झाला नाही. मग एक दिवस मिसिरजींनी मागे वळून विचारलं, धूप तर नाही ना लागत, आणि दोस्ती झाली. ही बासरी जगानं ऐकली पाहिजे, असं आतोबांनी घरी येऊन जाहीर केलं. त्या काळी जगानं ऐकायचं म्हणजे कॅसेट निघायला हवी. ते मिसिरजींना घेऊन शहरातल्या एका कॅसेट कंपनीच्या माणसाकडे गेले. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की बासरी ठीक आहे, पण वर देवीची गाणी टाका, खाली ढोलक टाका, आणि कव्हरवर फोटो कोणाचा घालायचा? मिसिरजी संकोचून म्हणाले की आपला एकच फोटो आहे, पेन्शनच्या पुस्तकातला. तिथून दोघंही चालत घरी आले.

त्यातच दातांचं निघालं. मिसिरजींचे वरचे पुढचे दोन दात हलू लागले होते. डॉक्टरांनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, हे दात काही उन्हाळा पाहत नाहीत. एरवी म्हाताऱ्या माणसाचे दोन दात ही काय बातमी आहे, पण बासरीत फुंक ओठांची असली तरी ओठांना मागून टेकू असतो तो दातांचा. दात गेले की फुंक फाटणार आणि मिसिरजींचा तो सूर कायमचा जाणार. आतोबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मिसिरजींच्या खोलीवर गेले तेव्हा मिसिरजी गोवऱ्यांवर भाजलेली कणकेची बाटी खात होते. वर्षानुवर्षं एकटा माणूस रोज तेच खात होता. ती बाटी आतोबांनी हातात घेऊन भिंतीवर ठोकून पाहिली. तिचा आवाज त्यांना मुळीच आवडला नाही.

आणि तिथं त्यांना वार सुचला. वार लावून जेवणं आपल्याकडे आता गोष्टीपुरतंच उरलं आहे, पण काशीतल्या मराठी घरांना ते अंगवळणी होतं. शिकायला आलेला मुलगा सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडाभर सात घरी. संकठा घाटापासून भोसले घाटापर्यंतच्या आमच्या ओळखीच्या घरांतून आतोबा फिरले आणि मिसिरजींसाठी त्यांनी सात वार लावले. ज्याचा वार त्यानं दुपारी मऊ जेवण घालायचं, मिसिरजींनी जेवण झाल्यावर त्या घरी वाजवायचं, आणि घरानं दर वेळी असा एक माणूस बोलावून आणायचा ज्यानं ही बासरी कधी ऐकली नाही. मार्गशीर्ष लागला की दर आठवड्याला एका घरी टेपवर उतरवून घ्यायचं, पहिल्या आठवड्यात सोमवारचं, दुसऱ्यात मंगळवारचं, असं करत सात वार सात चिजा, आणि झाली कॅसेट. गुरुवारवाले रेल्वेत गार्ड होते, त्यांच्याकडे दोन कॅसेटी एकदम लागणारा टेपरेकॉर्डर होता, तो त्यांनी दिला. कोऱ्या कॅसेटी बाकीच्यांनी आणल्या. शुक्रवारच्या काकांनी मात्र खिशात हात घातला, की मी आपली रक्कमच देतो, रोजची धावपळ होत नाही. आतोबांनी त्यांचा हात खिशातच धरून ठेवला. "पैसे दिले की माणूस मोकळा होतो," ते म्हणाले. "मला कोणाला मोकळं करायचं नाही."

आतोबांनी सात घरच्या स्वयंपाकघरांना एकच नियम घालून दिला. जे चावताना ऐकू येतं ते वाढायचं नाही. पापड बंद, चकली बंद, कुरडई बंद, भाकरी तर दाराबाहेर. गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, अळूचं फदफदं, सांजा, शेवयांची खीर असं सगळं गिळण्याजोगं. आतोबा जेवणाआधी स्वतः जाऊन पातेल्यात बोट दाबून पाहत आणि फडताळांवर लाल चिठ्ठी चिकटवून येत. बुधवारच्या आजींनी वरणाला फोडणी दिली तेव्हा लसणाची एक पाकळी कुरकुरीत राहिली होती, ती आतोबांना मिसिरजींच्या तोंडातून ऐकू आली. आजी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढं पुढं आम्ही त्या घरांना आडनावांनी ओळखणंच सोडून दिलं. सोमवार घराणं, मंगळवार घराणं असंच म्हणत असू, आणि त्यांच्यात चुरसही घराण्यांसारखीच होती. मंगळवारवाल्यांना एकदा नवा माणूस मिळेना तेव्हा त्यांनी दूधवाल्यालाच धरून बसवला. तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि त्या दिवशी अर्ध्या गल्लीला दूध पोचलं नाही.

सात घरं पुरेनात असं आतोबांना लवकरच वाटू लागलं. हिंदी शेजाऱ्यांनाही यात ओढावं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं एक कागद लिहून संकठा घाटावर चिकटवला. लिहिताना डोक्यात मराठी होती आणि हातात हिंदी. 'मिसिरजी की बाँसुरी के लिए जो सज्जन वार करना चाहें, वे दोपहर को यहीं मिलें,' असा मजकूर होता. आता हिंदीत वार करणं म्हणजे हल्ला करणं, हे चार पिढ्या काशीत राहिलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण जेवायच्या वाराला दुसरा अर्थ असू शकतो हे त्यांच्या मनातच आलं नाही. दुपारी घाटावर एक हवालदार आला, कोणावर आणि कशासाठी वार होणार आहे याची चौकशी करायला. त्याच्या पाठोपाठ आखाड्यातले दोन पहिलवान लाठ्या घेऊन आले, बिचाऱ्या म्हाताऱ्या बासरीवाल्याला वाचवायला. आतोबांनी तिघांनाही शांतपणे बसवून घेतलं आणि मिसिरजींना वाजवायला सांगितलं. पहिलवान लाठ्या मांडीवर आडव्या ठेवून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवसापासून मिसिरजींना सकाळी आखाड्यातून शेरभर दूध येऊ लागलं, आणि पहिलवान जिथं जातील तिथं 'वारवाली बाँसुरी' हे नाव जाऊ लागलं. आतोबांनी तो कागद काढला नाही. उलट त्याचा खालचा कोपरा सुटला होता तो पुन्हा चिकटवला.

या सगळ्यात माझं काम बटण दाबण्याचं. ज्याला गाण्यातलं काही कळत नाही असा एक माणूस यंत्रापाशी हवा, नाहीतर तो ऐकत बसेल आणि कॅसेट संपेल, म्हणून माझी नेमणूक झाली. मी दुपारच्या सुट्टीत बँकेतून निसटत असे. नंतर आमच्या मॅनेजरांना एका मंगळवारी नवा माणूस म्हणून धरून नेलं, तेव्हापासून ते स्वतःच घड्याळ दाखवून म्हणत, जाइए, आपका वार हो रहा है। माझी एक खोड मात्र आतोबांना शेवटपर्यंत घालवता आली नाही. मी बटण फार लवकर दाबायची. विसरून जाईन या भीतीनं मिसिरजी टेकायच्या आतच दाबून मोकळी व्हायची. त्यामुळं सगळ्या टेपांच्या सुरुवातीला खोकणं, भांडी, 'पाट सरकवा जरा', कुणाची तरी जांभई असं सगळं आलं आहे. आतोबा चिडत. गाण्याआधीचं कशाला घेतेस, ते कोण ऐकणार आहे, असं प्रत्येक वेळी म्हणत, आणि मी प्रत्येक वेळी पुढच्या खेपेला नीट करते म्हणायची.

त्या हिवाळ्यातल्या दुपारी आठवल्या की मला अजून नीट सांगता येत नाही की मी जागी होते की झोपेत. धुकं दहा-अकराला उठायचं आणि पुरतं उठायचंच नाही, नदीवर पातळसं लोंबत राहायचं. पलीकडची वाळू दिसायची नाही. मऊ भात जेवून सुस्तावलेली माणसं भिंतींना टेकून बसलेली असत, एखाद्या काकूंच्या मांडीवर निवडायचं ताट तसंच राहिलेलं असे आणि मिसिरजींची बासरी कुठूनतरी सुरू होई. कुठूनतरीच म्हणते, कारण ती त्यांच्या तोंडून येते आहे असं वाटतच नसे. खालून एखादी नाव जाई, वल्ह्याचा आवाज येई, आणि मला वाटे की हे घरच सुटून पाण्यावरून चाललं आहे, आपण सगळे आत आहोत आणि कोणाला कुठं पोचायची घाई नाही. मला रागाचं नाव आजही सांगता यायचं नाही. पण बँकेत परत जाऊन शिक्का मारताना माझा हात हळू पडायचा.

एक गोष्ट मात्र हळूहळू माझ्याही लक्षात आली. सोमवार झाला, मंगळवार झाला, बघता बघता शनिवारही टेपवर उतरला, आणि आतोबा एकदाही उठले नाहीत. मिसिरजींना आतोबांची ख्याती ठाऊक होती. वाजवून झालं की ते डोळे उघडून आधी आतोबांच्या जागेकडे पाहत, आणि आतोबा तिथंच बसलेले असत. शनिवारी बासरी पिशवीत घालताना ते मला हळूच म्हणाले, "पंडितजी आजो ना उठलन।" पंडितजी म्हणजे आतोबा, ते आजही उठले नाहीत. मी त्यांना घरी विचारलं. ते म्हणाले, "दात सांभाळून वाजवतायत गं. चांगलं वाजवतायत. मगर सांभाळून." आपणच त्यांना सांभाळायला शिकवलं, हे त्यांना कळत होतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

उरला रविवार. तो आतोबांनी मुद्दाम शेवटी, आपल्या घरासाठी ठेवला होता, आणि त्या वर्षी त्याच रविवारी संक्रांत आली. काशीत संक्रांतीला खिचडीच म्हणतात. सणाचं नावच खिचडी, आणि सगळं शहर त्या दिवशी खिचडी खातं, मऊ, तुपाची धार सोडलेली. म्हणजे मिसिरजींच्या दातांना याहून सुरक्षित सण कुठला मिळणार होता? धोका होता तो आमच्याकडून. मराठी घरांत त्या दिवशी तिळाच्या वड्या होणार, आणि आमच्या सातही घराण्यांच्या वड्या खलबत्त्याला भारी पडतील अशा. आतोबांनी आदल्या दिवशी सहा घरी जाऊन बजावलं. रविवारी सकाळी पुन्हा फिरले, आणि मिसिरजींना ऐकायला येताना कोणी चुकून हातात ठेवेल म्हणून प्रत्येकानं त्यांच्यासाठी काढून ठेवलेली वडी जप्त करून कोटाच्या खिशात टाकून आणली. आत्यानं केलेल्या वड्यांच्या डब्यावर तर दोन चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

दुपारी सगळी जमली. खिचडी झाली, पानं उचलली. मिसिरजी पाटावर येत होते, आणि मी आपलं बटण दाबलं. आतोबा त्यांच्या समोर बसले. नेहमीप्रमाणे चष्मा काढला, नेहमीप्रमाणे कोटाच्या खिशात घालायला हात नेला. हाताला वडी लागली. संक्रांतीच्या दिवशी मराठी माणसाच्या हाताला तिळाची वडी लागली आणि समोर माणूस असला की पुढं काय होतं हे काय सांगायचं? हात बाहेर आला, पुढं झाला आणि तोंड आपोआप म्हणालं, "तिळगूळ घ्या, गोड बोला." मिसिरजींना ते काय आहे हे कळलं नाही, पण सणाच्या दिवशी ब्राह्मणानं हातावर ठेवलेलं नाकारायचं कसं, म्हणून त्यांनी ते कपाळाला लावून तोंडात टाकलं.

कट असा आवाज झाला. आत्यानं पदर तोंडाला लावला. मिसिरजींनी तळहात पुढं केला, त्यावर अर्धी वडी होती आणि दात होता. चष्म्याशिवाय आतोबांना यातलं काही दिसत नव्हतं. "काय वाजलं?" त्यांनी विचारलं. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मग त्यांचा हात खिशाकडे गेला, तिथल्या वड्यांवर थांबला, आणि त्यांना कळलं. त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. मान खाली घालून, मिसिरजींना मराठी कळत नाही हेही विसरून ते म्हणाले, "मी घात केला तुमचा."

मिसिरजी ते पाहत होते. त्यांनी दात शर्टाच्या खिशात ठेवला, गडूतलं पाणी घेऊन चूळ भरली आणि हसले. हसताना फटीतून वारा आला. म्हणाले, "आज त आप सच्चो में वार कर देहलीं, पंडितजी।" मग त्यांनी बासरी उचलली. आत्या म्हणाली, राहू द्या हो आज, तेव्हा त्यांनी मान हलवली. "अब बचावे बदे का रह गयल?" आता वाचवायला राहिलंय काय, एवढं म्हणून त्यांनी फुंकर घातली.

आधी नुसती हवाच आली. मग सूर आला, पण एकटा नाही, हवेला धरून. सूर आणि श्वास असे दोन्ही बरोबर चालले होते, कधी हा पुढं, कधी तो. आजवर मिसिरजी वाजवत ते घासलेल्या भांड्यासारखं लख्ख असे. हे तसं नव्हतं. हे खालच्या नदीवरून धुक्यातून येतं तसं येत होतं, मधेच विरायचं, मधेच अगदी कानाशी यायचं. त्यांनी दातांची फिकीर सोडली होती आणि ते अशा जागी जात होते जिथं सहा आठवड्यांत एकदाही गेले नव्हते. मला संगीतातलं कळत नाही हे मी सांगितलंच आहे, पण मी यंत्राकडे बघायचं विसरले.

आणि आतोबा उठले. त्यांनी चष्मा लावला नाही. भिंत चाचपत दाराशी गेले, चपला पायात अडकवल्या आणि दगडी जिना उतरू लागले. टायरच्या त्या चपला एकेका पायरीवर वाजत खाली खाली गेल्या. मिसिरजींचे डोळे मिटलेले होते, पण त्यांनी ऐकलं असणार, कारण त्या क्षणी बासरीचा सूर किंचित हलला, आणि मग ते पुढं वाजवतच राहिले, कितीतरी वेळ.

आतोबा आम्हाला घाटावर सापडले, पाण्याकडे बघत बसलेले. का उठलात असं मी विचारलं तर म्हणाले, पाय आखडले होते. आत्याचं म्हणणं, शरमेनं उठले. मिसिरजींनी मात्र आपला समज शेवटपर्यंत बदलला नाही, आणि डॉक्टरांनी पुढं कवळी बसवली तरी वाजवताना ते ती काढून ठेवत. रविवार कॅसेटमध्ये घालायला आतोबा राजी नव्हते. सहा वारांचा आठवडा चालवून घ्या म्हणत होते. सहाही घराणी एकत्र येऊन त्यांच्यासमोर बसली आणि हललीच नाहीत, तेव्हा त्यांचं काही चाललं नाही. मग ज्याच्या त्याच्या वारी ज्याच्या त्याच्या घरी टेपरेकॉर्डर फिरू लागला आणि प्रती निघू लागल्या. प्रत्येक डबीवर आतोबांनी लाल चिठ्ठी लावली. गुरुवारचे गार्डसाहेब त्या बरोबर नेत आणि गाडी जाईल तिथल्या लोकांना बसवून ऐकवत. कुठूनकुठून पत्रं येऊ लागली, आणि बहुतेकांत रविवारचंच विचारलेलं असे. एकानं तर विचारलं होतं की सुरुवातीला 'कट' असं जे वाद्य वाजतं त्याचं नाव काय. ते पत्र आतोबांनी कोणाला दाखवलं नाही, पण फाडलंही नाही.

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, बनारस सुटलं. काही वर्षांनी आत्याचं पत्र आलं. आतोबा हिवाळ्यातल्या एका दुपारी, मिसिरजी खोलीत वाजवत असताना गेले. अर्ध्यातूनच, असं तिनं लिहिलं होतं, आणि पुढं दुसरं काही लिहिलं नव्हतं. मी ते पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि पोटभर रडले.

माझ्याकडची कॅसेट अजून चालते. दर संक्रांतीला वड्या झाल्या की मी ती लावते. आतोबांचा आवाज आता जगात एवढाच उरला आहे, माझ्या त्या वाईट खोडीमुळं उरलेला. आधी भांडी वाजतात, मग पाट सरकतो, मग ते म्हणतात, तिळगूळ घ्या, गोड बोला. मग तो आवाज, मग त्यांचं 'काय वाजलं?', मग 'मी घात केला तुमचा', आणि मग ती बासरी. थोड्या वेळानं चपला सुरू होतात. मी पायऱ्या मोजते, बावीस आहेत. शेवटच्या पायरीनंतर जरा वेळानं कॅसेटची बाजू संपते, मिसिरजी अजून वाजवत असतानाच, कारण मी यंत्राकडे बघायला विसरले होते. बटण वर उडतं. मी कॅसेट काढून डबीत ठेवते, आणि डबीवरची लाल चिठ्ठी कोपऱ्यातून सुटत आली असेल तर तिला डिंकाचं बोट लावते.